वॉरंट दुसऱ्याचं, अटक तुम्हाला

कायदा विचारा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात एकाच विषयावरची पत्रं जास्त आली: नावाच्या किंवा चेहऱ्याच्या साधर्म्यामुळे भलत्याच माणसाला झालेली अटक. त्यातली चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. शुक्रवारी संध्याकाळी पोलीस घरी आले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाचं बिगरजामीन वॉरंट होतं, चेक बाउन्सच्या केसमधलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही जुळत होतं. भावाचं बँकेत चेकबुकच नाही. आधार कार्ड दाखवलं, तरी "जे सांगायचं ते कोर्टात सांगा" असं म्हणून घेऊन गेले. सोमवारी मूळ कोर्टात नेल्यावर फिर्यादीनेच "हा तो माणूस नाही" असं सांगितलं आणि भाऊ सुटला. तोपर्यंत तीन रात्री आत गेल्या. तेव्हा आम्ही काय करायला हवं होतं? आणि पुन्हा असं होणार नाही ना?
— एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. पुन्हा होऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा; या उत्तरातली पुढची कलमंही त्यातलीच) कलम ७२ प्रमाणे वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत जिवंत राहतं. तुमचा भाऊ सुटला, पण खरा आरोपी सापडलेला नाही. पुढच्या तारखेला कोर्ट पुन्हा वॉरंट काढेल, त्यावर तेच नाव आणि तोच अर्धवट पत्ता असेल, आणि ते पुन्हा तुमच्याच पोलीस ठाण्यात येईल. म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. सोमवारच्या रोजनाम्याची (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि सुटकेच्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढा. त्याच केसमध्ये वकिलामार्फत अर्ज द्या की यापुढच्या वॉरंटवर आरोपीचं वय, पूर्ण पत्ता आणि शक्य असल्यास फोटो नमूद व्हावा आणि अमुक पत्त्यावर राहणारा माझा अशील हा आरोपी नाही, अशी नोंद व्हावी. त्या आदेशाची एक प्रत आपल्या ठाण्यात देऊन पोच घ्या, एक घरात ठेवा आणि एक टेम्पोच्या कागदपत्रांत ठेवा.

आता शुक्रवार. आधार कार्डाचा उपयोग झाला नाही यात आश्चर्य नाही. नाव जुळतंय म्हणून पोलीस आले आणि आधार कार्डाने तेच नाव पक्कं केलं. नावसाधर्म्याच्या प्रकरणात 'मी कोण आहे' हे दाखवून भागत नाही. 'आरोपी जो आहे तो मी नाही' हे दाखवावं लागतं, आणि त्याचा पुरावा मूळ केसच्या फायलीत असतो: तक्रारीत लिहिलेलं वय आणि पत्ता, आरोपी पूर्वी हजर झाला असेल तर जामीनकदब्यावरची (जामिनाच्या हमीपत्रावरची) त्याची सही, वकीलपत्रावरची सही, चेकवरची सही, बँकेच्या खाते उघडण्याच्या अर्जावरचा फोटो. पोलीस केस असेल तर अटक फॉर्मवर उंची, बांधा आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. डाव्या भुवईवर जखमेचा व्रण अशी नोंद असेल आणि तुमच्या भुवईवर काही नसेल, तर एवढ्यावरही निकाल लागू शकतो.

वॉरंट दाखवा असं म्हणणं हा हक्क आहे. कलम ७७ प्रमाणे वॉरंटचा आशय सांगायचा आणि मागितल्यास ते दाखवायचं, हे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यावरचा केस नंबर आणि कोर्टाचं नाव मोबाइलमध्ये टिपून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकला की पक्षकार, वकील आणि मागच्या तारखांचे आदेश दिसतात. त्या कोर्टातला वकील गाठून फिर्यादीच्या वकिलाशी रात्रीच बोलणं करता येतं. चेकच्या केसमध्ये फिर्यादी आरोपीला ओळखतो. त्याच्या वकिलाने 'अटक झालेला इसम आरोपी नाही' अशी पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली की काम निम्मं होतं.

कायद्यातली आणखी एक सोय बहुतेकांना माहीत नसते. वॉरंट काढणाऱ्या जिल्ह्याबाहेर अटक झाली आणि ते कोर्ट तीस किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर कलम ८२ प्रमाणे माणसाला आधी स्थानिक दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांपुढे उभं करायचं असतं (मूळ कोर्ट त्यांच्याहून जवळ असेल तर गोष्ट वेगळी). कलम ८३ सांगतं की समोरचा माणूस कोर्टाला अभिप्रेत असलेलाच दिसतो, अशी खात्री पटली तरच त्याला मूळ कोर्टाकडे पाठवायचं. म्हणजे "कोर्टात सांगा" हे उत्तर पुरेसं नाही. ओळख तपासण्याचा पहिला टप्पा तिथेच आहे. शिवाय वॉरंट बिगरजामीन असलं तरी चेक न वटण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, आणि अशा गुन्ह्यात जामीन द्यायची तयारी असेल तर याच टप्प्यावर तो घ्यावा लागतो. तुमच्या भावाच्या बाबतीत हा टप्पा पाळला गेला का, हे आता कागदांवरून शोधून काढा. गाळला गेला असेल तर भरपाईच्या मागणीतला तो सगळ्यात भक्कम मुद्दा ठरेल.

शुक्रवारच्या संध्याकाळी अटक झाली की पुढे सुट्टीचं कोर्ट लागतं, आणि तिथे मूळ फाईल नसते. न्यायाधीशांना ओळखीचा निवाडा करता येत नाही आणि माणूस सोमवारपर्यंत तुरुंगात जातो. अशा वेळी तोंडी सांगण्यावर राहू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: मी वॉरंटमधला आरोपी नाही, माझं वय एवढं, पत्ता हा, माझं कुठल्याही बँकेत चेकचं खातं नाही, मला वैयक्तिक मुचलक्यावर सोडावं, निदान ओळखीबाबत हरकत घेतल्याची नोंद करावी. अर्ज फेटाळला गेला तरी तो रेकॉर्डवर राहतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

तीन चुका मात्र फार महागात पडतात. पहिली, जामीनकदब्यावर आरोपी म्हणून निमूट सही करणं. सही करावीच लागली तर शेजारी 'ओळखीबाबत हरकत राखून' असं लिहा. दुसरी, किरकोळ केसमध्ये "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो" हा सल्ला ऐकणं. त्याने दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा कायमची तुमच्या नावावर लागते. तिसरी, सुटताना ठाण्यात 'माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून देणं. तसं लिहून दिल्याशिवाय सोडणार नाही असं कुणी म्हणालं, तर घरी पोहोचल्याबरोबर ते पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

प्रश्न : माझ्या भाच्याला चेन स्नॅचिंगच्या गुन्ह्यात साक्षीदाराने ओळख परेडमध्ये ओळखलं. पाच आठवड्यांनी खरे चोर मालासकट सापडले आणि पोलिसांनी भाच्याला सोडण्याचा अहवाल कोर्टात दिला. साक्षीदाराची चूक झाली म्हणून पोलीस हात वर करू शकतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : साक्षीदार प्रामाणिकपणे चुकू शकतो. ती चूक होऊ नये म्हणूनच परेडचे नियम आहेत, म्हणून परेड कशी झाली ते बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितामागे किमान सहा डमी (गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं) उभे करायचे, तेही वयाने, उंचीने आणि दिसण्याने मिळतेजुळते. दोन संशयित असतील तर दहा-बारा. संशयिताला रांगेत हवी ती जागा घेता येते आणि कपडे बदलता येतात. परेड दंडाधिकारी घेतात, पंच हजर असतात, पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं.

बिघाड बहुतेक वेळा परेडच्या आधीच होतो. साक्षीदार जबाबासाठी ठाण्यात बसलेला असतो आणि त्याच वेळी संशयिताला समोरून नेलं जातं. किंवा मोबाइलवर फोटो दाखवून "हाच ना?" असं विचारलं जातं. मग परेडमध्ये साक्षीदार ओळखतो तो चेहरा ठाण्यात पाहिलेला असतो, गुन्ह्याच्या जागी पाहिलेला नसतो. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने, तशी यंत्रणा नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलं आहे. अधीक्षकांना किंवा आयुक्तांना आजच पत्र द्या: अमुक तारखेचं अमुक वेळेतलं प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराची खोली आणि लॉकअपसमोरचं चित्रण पुसू नये. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा करा, पण हे पत्र आधी.

दुसरा मुद्दा अटकेच्या कागदांचा. अटक मेमोवर एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही हवी. नातेवाइकाला कळवल्याची नोंद ठाण्याच्या वहीत हवी. अटकेची कारणं लेखी हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही कारणं सर्व गुन्ह्यांत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. अटक या निर्णयाआधीची असेल तर मात्र फक्त या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

पोलिसांनी दिलेला अहवाल म्हणजे जुन्या भाषेत 'एकशे एकोणसत्तरचा रिपोर्ट', आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८९. त्याची आणि त्यावर कोर्टाने केलेल्या आदेशाची नक्कल काढून ठेवा. भाच्याविरुद्ध पुरावा नव्हता, हे पोलिसांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं आहे. पुढे कुठेही गेलात तरी तोच कागद पहिला लागेल.

प्रश्न : चुकून अटक झाली हे सिद्ध झालं, तर पोलिसांकडून भरपाई मिळते का? कुठे मागायची, किती मिळते? एका वकिलाने सांगितलं की कायद्यात फक्त एक हजार रुपये आहेत.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वकिलांनी सांगितलेली तरतूद खरी आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९९), पण ती या प्रकारासाठी नाही. कुणी पुरेशा कारणाशिवाय पोलिसांकरवी दुसऱ्याला अटक करवली, तर त्या अटक करवणाऱ्याकडून दंडाधिकारी जास्तीत जास्त एक हजार रुपये देववू शकतात. पोलिसांच्या चुकीसाठी वेगळे रस्ते आहेत.

रस्ता कुठलाही घेतला तरी प्रकरण एका प्रश्नावर ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ खाली एक उदाहरण दिलेलं आहे, जुन्या दंड संहितेतही ते होतं. कोर्टाच्या अधिकाऱ्याला एका माणसाला पकडण्याचा हुकूम आहे. योग्य चौकशी केल्यानंतर दुसराच माणूस तो आहे असं समजून त्याने त्याला पकडलं, तर तो गुन्हा नाही. सगळा भार 'योग्य चौकशी केल्यानंतर' या शब्दांवर आहे. चूक झाली एवढं दाखवून तुमचं भागणार नाही. तुम्ही "मी तो नव्हे" असं म्हणाल्यावर पोलिसांनी काय तपासलं, हे दाखवावं लागेल: वय ताडून पाहिलं का, पत्ता बघितला का, फिर्यादीला एक फोन केला का. म्हणूनच त्या वेळचे अर्ज, स्टेशन डायरीतल्या नोंदी, वॉरंट रजिस्टरचा उतारा आणि मोबाइलवरचे कॉल यांना एवढं मोल आहे.

सर्वांत परिणामकारक रस्ता उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग झाला तर सरकारला सार्वभौमत्वाची ढाल ('राज्यसत्तेवर दावा चालत नाही' हा बचाव) पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने निलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये पक्कं केलं. त्या आधी १९८३ मध्ये, निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना बिहार सरकारकडून भरपाई देववली होती, तेव्हाची रक्कम पस्तीस हजार. अलीकडचे आकडे वेगळे आहेत. रात्रभर बेकायदा डांबून ठेवलेल्या एका महिलेला मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अडीच लाख आणि व्याज दिलं. जामीनपात्र गुन्हा असूनही कोठडीत ठेवलेल्या मुंबईच्या एका संगीतशिक्षकाच्या प्रकरणात २०२३ मध्ये दोन लाख. तुमच्या विषयाला सर्वांत जवळचं प्रकरण कर्नाटकातलं आहे. वडिलांचं नाव जुळतं एवढ्यावर भलत्याच माणसाला वॉरंटखाली पकडलं, म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाच लाख दिले आणि अटकेपूर्वी ओळख कशी पडताळायची याची कार्यपद्धती ठरवायला पोलीस महासंचालकांना सांगितलं. महाराष्ट्रातल्या याचिकेत हा निकाल जरूर जोडा. तो इथे बंधनकारक नाही, पण वजन आहे. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये मिळालेले पन्नास लाख लोक नेहमी सांगतात. तिथे ओळखीची चूक नव्हती, अटक १९९४ ची होती आणि निकालाला चोवीस वर्षं लागली. तो आकडा धरून बसू नका.

रिटमध्ये उलटतपासणी सहसा होत नाही, प्रतिज्ञापत्रांवर निकाल होतो. कागद बोलके असतील तरच हा रस्ता धरा. "पोलीस म्हणतात असं, मी म्हणतो तसं" एवढंच हातात असेल, तर कोर्ट दिवाणी दावा करायला सांगेल. नागपूरकरांना खंडपीठ गावातच आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे.

दिवाणी दाव्यात बुडालेली मजुरी, वकिलाची फी, औषधोपचार, गेलेली नोकरी, बदनामी असं सगळं मागता येतं, पण मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि वर्षं लागतात. इथेच मुदतीचा सापळा आहे. मुदत कायद्याप्रमाणे बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी कैद संपल्यापासून एक वर्ष मिळतं, आणि बरेच जण त्या भरवशावर राहतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवरचा दावा सहा महिन्यांतच लावावा लागतो, आणि त्याआधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. हे कलम कुठल्या कृत्यांना लागू होतं यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. सहा महिनेच आहेत असं समजून चाला. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, ती जिल्हाधिकाऱ्यांना किंवा शासनाच्या सचिवांना, शिवाय संबंधित अधिकाऱ्याला द्यायची. सुटल्यावर पहिल्या महिन्यातच नोटीस गेली तर ही दोन्ही गणितं बसतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात जाग आली तर दावा मुदतीवरच उडण्याची भीती आहे.

पैसे नसतील आणि वकील नको असेल, तर राज्य मानवी हक्क आयोग. अर्जाला फी नाही, मुदत घटनेपासून एक वर्ष. आयोग भरपाईची शिफारस करतो, आणि सरकारने ती मानली नाही तर शेवटी कोर्टातच जावं लागतं. तोच विषय कोर्टात चालू असेल तर आयोग हात घालत नाही, म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवा. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे विहित पद्धत न पाळता केलेल्या अटकेची तक्रार करता येते. तिथे भर अधिकाऱ्यावरच्या कारवाईवर असतो, पण त्यांचे निष्कर्ष तुमच्या बाजूचे आले तर रिटमध्ये त्यांचा मोठा आधार होतो.

चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांसाठी भरपाईचा वेगळा कायदा करा, असा अहवाल विधी आयोगाने २०१८ मध्येच दिला आहे, २७७ वा. तो कायदा झाला असता तर टेम्पो चालवणाऱ्या माणसाला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या. त्याची गरज आम्हाला दर महिन्याच्या टपालात दिसते.

प्रश्न : मागच्या वर्षी चुकीच्या ओळखीने अटक झाली होती, कोर्टाने दोषमुक्त केलं. आता परदेशी नोकरीसाठी पोलीस पडताळणीत तोच गुन्हा दिसतोय. काय करावं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कोर्टाचा आदेश ठाण्याच्या संगणकावर आपोआप पोहोचतोच असं नाही. गुन्ह्याची नोंद चढवलेली असते, निकाल चढवायचा राहतो. आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल जोडून त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि प्रत अधीक्षकांना अर्ज द्या: या गुन्ह्यासमोर माझ्या बाबतीत 'दोषमुक्त' अशी नोंद घ्यावी. पडताळणीच्या फॉर्ममध्ये मात्र अटक लपवू नका. 'कधी अटक झाली होती का' असं विचारलं असेल तर 'हो' लिहा आणि आदेश जोडा. लपवल्यामुळे नोकरी गेल्याची प्रकरणं कोर्टात नेहमी येतात.

अटकेत बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर तेही काढून टाकायला सांगता येतं. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम २०२२ प्रमाणे ही मोजमापं पंचाहत्तर वर्षं ठेवली जातात. पण पूर्वी कधीही शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त (आरोप निश्चित होण्याआधीच कोर्टाने सोडलेला) किंवा खटल्यानंतर निर्दोष झाला आणि पुढचे कायदेशीर मार्ग संपले, की ती नष्ट करायची असतात, कोर्टाने कारणं नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तर. यासाठी दोषमुक्तीच्या आदेशाला कुणी आव्हान दिलेलं नाही हे दाखवावं लागेल. वरच्या कोर्टात तुमच्या केसमध्ये काही दाखल आहे का ते ई-कोर्ट्सवर बघा, त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोडा आणि तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही तर ज्या कोर्टाने दोषमुक्त केलं, त्याच कोर्टात अर्ज करा.